नाव जुळत नाही, असं बँकेनं सांगितलं होतं

११४० युरो. सहा रात्रींचे रोजी १३० प्रमाणे ७८०, साफसफाईचे ६० आणि अनामत ३००. आकडा असा फोडून सांगतेय, कारण सुट्टीसाठी घर भाड्यानं देतो म्हणून मला फसवणाऱ्या माणसानं तो असाच फोडून सांगितला होता आणि म्हणूनच तो खरा वाटला.

एका सेमिस्टरसाठी जर्मनीत आले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, महिना ९९२ युरो या हिशोबानं सहा महिन्यांचे ५९५२ भरावे लागतात. बाबांनी ते पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. त्यातला महिन्याभराच्या खर्चाहून मोठा तुकडा एका दुपारी गेला.

मे अखेर पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती. आम्ही चौघींनी पोर्तुगालला, आल्गार्व्ह किनाऱ्यावरच्या लागोसला जायचं ठरवलं. घर मी बघते म्हणाले. जाहिरात ओळखीच्या साइटवर होती. मालक म्हणाला, साइट कमिशन खाते, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: हुबेहूब त्याच साइटसारखं दिसणारं बुकिंगचं पान, त्याच्या ओळखपत्राचा फोटो, ‘अजून एक कुटुंब विचारतंय’. त्यानं पासपोर्टची प्रत मागितली, तीही दिली. पासपोर्टची प्रत कुणालाही कोरी देऊ नका. कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली, ते तिच्यावर आडवं लिहा. माझी आता कुठे फिरतेय, देव जाणे.

मी डोळे मिटून पैसे पाठवले नव्हते. पत्ता नकाशावर पाहिला, गल्ली खरी होती. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, तपासला. पोर्तुगालचा पीटीनं सुरू होतो, हा एलटीनं होत होता, म्हणजे लिथुआनियाचा. विचारलं, तर म्हणाला ऑनलाइन बँकेचं खातं आहे. अशी खाती माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांकडे आहेत, त्यामुळे पटलं.

आणि मग ती पिवळी पट्टी. ट्रामच्या थांब्यावर उभी होते, ट्राम समोरून येत होती, आणि बँकेच्या अ‍ॅपवर आलं: खातेदाराचं नाव जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन ताडून दाखवावंच लागतं. म्हणजे नेमकी ही फसवणूक थांबवायलाच केलेली सोय माझ्या डोळ्यांसमोर होती. मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं, खातं बायकोच्या नावावर आहे. पुण्यात आमचा घरमालक भाडं बायकोच्याच खात्यात घ्यायचा. त्यात वावगं काय वाटणार? ‘तरीही पाठवा’ दाबलं आणि ट्राममध्ये चढले. इन्स्टंट पेमेंट दहा सेकंदांत पोचतं. ट्रामचं दार लागायच्या आत पैसे गेलेले होते. ती एक ट्राम सोडली असती तर? रोज रात्री हेच मनात येतं.

फारोहून ट्रेननं लागोसला पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. दाराशेजारी किल्लीची पेटी खरोखरच होती. खाऱ्या हवेनं तिची आकड्यांची चाकं जड झाली होती. त्यानं दिलेला आकडा २९१७ लावला, उघडेना. मैत्रिणीनं लावलं, तिसरीनं मोबाइलचा उजेड धरला. मग वरच्या बाल्कनीतून एक आजी काहीतरी बोलल्या आणि नुसता हात हलवला. नाही. त्या हातानंच कळलं. त्या रात्री हॉस्टेलचे चौघींचे १५२ युरो वेगळे गेले.

तिथल्या पोलिसांनी दोन तास बसवून ठेवलं. पैसे जर्मनीतून गेले, तक्रार जर्मनीत करा, म्हणाले. पोर्तुगीजमधला एक कागद हातात दिला. जर्मनीत आले, तर म्हणे ऑनलाइन फॉर्म भरा. भरला. चॅट, आयबॅन, स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. एकाही माणसानं फोन करून विचारलं नाही. सहा आठवड्यांनी पत्र आलं, आरोपी सापडत नाही म्हणून तपास थांबवला. अहो, आयबॅन दिलाय ना हातात! खातं कुणीतरी कागदपत्रं देऊनच उघडलं असेल ना? बँकेचं तर एकच पालुपद: इशारा दाखवला होता, तुम्ही पुढे गेलात, जबाबदारी तुमची. पैसे परत मागवायचा अर्ज केला, तर समोरच्या बँकेचं उत्तर, खात्यात शिल्लक नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षानं समुपदेशनाची वेळ दिली. मला समुपदेशन नको होतं, पोलिसांशी जर्मनमध्ये भांडणारं माणूस हवं होतं.

पोर्तुगालमध्ये पर्यटकांना घर भाड्यानं देणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक असावा लागतो, त्याच्या शेवटी एएल (AL) ही अक्षरं येतात. पर्यटन खात्याच्या यादीत तो कुणालाही फुकट शोधता येतो. मागा, आणि पत्ता ताडून बघा. मला हे हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, त्या रात्री.

उरलेले दिवस तिथेच काढले, परतीचं तिकीट बदलणं परवडणारं नव्हतं. लागोसजवळच्या पोंता दा पिएदादेचे पिवळे कडे पाहिले, खाली पाणी हिरवंगार. बाकीच्या उतरल्या, मी वरच बसून बँकेला ईमेल लिहीत होते.

त्या ११४० मध्ये प्रत्येकीचे २८५ निघतात. मैत्रिणी नको म्हणाल्या, पण घर मी ठरवलं होतं. दोघींचे दिलेत, तिसरीचे पुढच्या महिन्यात देणार. बाबांना मी फक्त अनामतीचे ३०० बुडाले, एवढंच सांगितलंय.