रूबी स्टॉर्म की स्प्लिंटर ट्विन? मॉडर्नसाठी कॉम्बो डेक निवडताना

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात मॉडर्न हा प्रकार खेळायचा आणि त्यातही कॉम्बोच, म्हणजे ठराविक कार्डं जुळली की एका टर्नमध्ये गेम संपवणारा डेक, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर हे दोन डेक शेजारी मांडून बघण्यासारखे आहेत. रूबी स्टॉर्म एकाच टर्नला स्पेल्सची लांब साखळी लावून जिंकतो; ट्विन हा डिसीव्हर एक्झार्क किंवा पेस्टरमाइट या क्रिएचरवर स्प्लिंटर ट्विन लावून त्याच्या हव्या तितक्या प्रती काढतो. दोन्ही मी बांधले, दोन्ही भरपूर खेळलो आणि आता स्लीव्हमध्ये (पत्त्यांच्या प्लास्टिक कव्हरांत) एकच ठेवला आहे. दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत, तोही मला मनापासून आवडतो.

आधी बंदीचं, म्हणजे एखादं कार्ड मॉडर्नमध्ये चालेनासं होण्याचं बघू, कारण कार्डं परदेशातून मागवायची तर ही काळजी खरी असते. स्टॉर्मचे भाग एकेक करून कापले गेले: 2011 मध्ये राइट ऑफ फ्लेम, 2013 मध्ये सीदिंग साँग, 2017 मध्ये गिटॅक्सियन प्रोब. तरी डेक दर वेळी नव्याने उभा राहिला, आणि 2024 च्या मॉडर्न होरायझन्स 3 या संचातून रूबी मेडॅलियन आणि राल हे दोघे मिळाल्यावर तर चांगलाच सावरला. ट्विनवर जानेवारी 2016 मध्ये बंदी आली आणि डेक मुळासकट गेला. ती उठली थेट डिसेंबर 2024 मध्ये. म्हणजे पैसे अडकण्याची भीती वाटत असेल तर स्टॉर्म जास्त सुरक्षित, हे मान्य करावंच लागेल.

वेगातही स्टॉर्म पुढे. स्पेल टाकायचा खर्च कमी करणारी आठ कार्डं ठेवलीत, चार मेडॅलियन आणि चार राल, तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातलं एक तरी असण्याची शक्यता साधारण 65 टक्के येते. त्यानंतर एका मान्यात (माना म्हणजे स्पेल टाकायला लागणारी ऊर्जा) तीन देणारी रिच्युअल्स, पुढचे पत्ते देणारे रेकलेस इम्पल्स आणि रेन्स रिझॉल्व्ह, वापरलेले स्पेल पुन्हा टाकू देणारं पास्ट इन फ्लेम्स असं करत तिसऱ्या टर्नला गेम संपवणं हे नेहमीचं काम आहे. ट्विन चौथ्या टर्नच्या आत जिंकत नाही. शिवाय चारच ट्विन असतील आणि तुम्ही दुसरे खेळत असाल, तर चौथ्या टर्नपर्यंत दिसलेल्या अकरा पत्त्यांत एक तरी ट्विन असण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या आसपास. ही तफावत पत्ते शोधणाऱ्या निळ्या स्पेल्सनी भरून काढावी लागते.

स्टॉर्मची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो एकट्याने शिकता येतो. तुमच्या गावात मॉडर्न खेळणारे दोन-तीनच असतील तर रात्री टेबलावर डेक पसरायचा, एक फासा मान्यासाठी, एक स्टॉर्मच्या मोजणीसाठी (त्या टर्नला किती स्पेल टाकले), आणि हात वाटून बघायचा: इथून समोरच्याची वीस लाइफ संपवता येते का? हात नीट वाचायला मी असाच शिकलो. ट्विनचा सराव समोर माणूस असल्याशिवाय होत नाही.

मग स्टॉर्म का सोडला? लांबलचक टर्नमुळे नाही. समोरचा ताटकळतो, रालची नाणेफेक दर स्पेलला करावी लागते, 50 मिनिटांच्या फेरीत घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं, पण हे अंगवळणी पडतं. मला छळलं ते साइडबोर्डने, म्हणजे पुढच्या गेमआधी अदलाबदल करायला बाजूला ठेवलेल्या पंधरा पत्त्यांनी.

पहिला गेम जिंकला की समोरचा साखळी अडवणारी कार्डं आणतो: डॅम्पिंग स्फिअर आणतो, ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट आणतो, ग्रेव्हयार्ड (वापरलेल्या पत्त्यांचा ढीग) साफ करणारं काहीतरी आणतो. तुम्हाला उत्तरं आत घ्यायची असतात. पण विश (साइडबोर्डमधलं कार्ड गेममध्ये आणणारा स्पेल) खेळत असाल तर पंधरातल्या बऱ्याच जागा विशने काढायच्या कार्डांनी आधीच अडवलेल्या असतात. उरलेल्यांतली तीन उत्तरं आत घ्यायची म्हटली, तर बाहेर काय काढायचं? मेडॅलियन आणि राल यांना हात लावता येत नाही. रिच्युअल काढलं की माना अडतो. इम्पल्स काढला की पुढचे पत्ते मिळत नाहीत. मॅनामॉर्फोज काढावं तर ते स्वतःचा खर्च भरून काढून वर एक पत्ता देतं, त्याच्या जागी काहीही घातलं तरी साखळी आखूड होते. प्रत्येक फेरीत मी तीन पत्ते हातात धरून बसायचो आणि जे काढीन ते गेममध्ये नेमकं हवं असायचं. स्फिअर फोडायचं कार्ड हातात, स्फिअर फुटलेला, आणि पुढे चालवायला इंधनच नाही, हा अनुभव इतक्यांदा आला की डेक सुधारायचा उत्साहच आटत गेला. यादी जवळजवळ ठरलेली असते. एखादा पत्ता इकडचा तिकडे करण्यापलीकडे फारसं करण्यासारखं उरत नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा सराईत असेल तर कदाचित हे तुम्हाला जाचणार नाही.

ट्विनमध्ये हाच क्षण मला सर्वांत आवडतो. दुसऱ्या गेमला दोन ट्विन आणि पेस्टरमाइट्स बाहेर काढायचे, काउंटर (समोरच्याचा स्पेल रद्द करणारे) आणि रिमूव्हल (क्रिएचर काढून टाकणारे) आत घ्यायचे. समोरच्याला हे माहीत नसतं. तो चौथ्या टर्नला धास्तीने दोन लँड (माना देणारी कार्डं) उघड्या, म्हणजे न वापरता ठेवतो, आपलं मोठं कार्ड हातातच धरून बसतो. मी त्याच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) डिसीव्हर एक्झार्क टाकून त्यातली एक लँड टॅप करतो, म्हणजे वापरलेली करून टाकतो, आणि माझ्या टर्नला ट्विन न टाकता पुढचा पत्ता काढतो. कॉम्बो आला नाही तरी त्याच्या भीतीने काम केलेलं असतं. डेक हळूहळू घडवायला जागा इथे आहे: एक्झार्क किती, पेस्टरमाइट किती, चौथा ट्विन मुख्य डेकमध्ये हवा का, यावर मी अजून फेरफार करतो आणि दर वेळी गेममध्ये फरक दिसतो.

आता ट्विनच्या उणिवा. 2016 चा मॉडर्न आता नाही. एक्झार्कची चारची टफनेस तीन डॅमेज करणाऱ्या लाइटनिंग बोल्टला पुरून उरायची. पण नंतर फेटल पुश हा स्वस्त रिमूव्हल आला, आणि फेचलँड (दुसरी लँड शोधण्यासाठी फोडायची लँड) फोडली की तो तीन किमतीच्या एक्झार्कलाही उचलतो. सॉलिट्यूड हे कार्ड तर माना न मोजता त्याला गायब करतं. ट्विन स्टॅकवर (टाकलेला, पण अजून लागू न झालेला) असताना एक्झार्क गेला की दोन पत्ते एकदम गेले. फोर्स ऑफ निगेशन हा काउंटर आपल्या टर्नला फुकट टाकता येत नाही, समोरच्याला मात्र आपल्या ट्विनवर येतं. बंदी उठल्यावर ट्विनने मॉडर्न गिळून टाकला नाही, त्यामागे हीच कारणं असावीत. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत निकालच हवा असेल तर स्टॉर्म घ्या, त्यात दुमत नाही. वर्षभर एकच डेक सोबत ठेवून तो आपल्या हाताला बसवायचा असेल तर मी ट्विनकडे झुकेन.

विकत घेण्याआधी दोन्हींच्या झेरॉक्स काढून स्लीव्हमध्ये घाला आणि मित्राबरोबर पहिला गेम वगळून थेट साइडबोर्ड केलेले गेम खेळा. पहिल्या गेममध्ये दोन्ही डेक छानच वाटतात. दुसऱ्या गेमआधी पत्ते बाहेर काढताना कुठल्या डेकमध्ये तुमचा हात अडतो, तेवढं बघा.