आठ महिन्यांनंतर: चाळीस हजारांचा साऊंड आणि दीड फुटाची काळी वायर

गाडीत साऊंड सिस्टिम बसवून आठ महिने झाले. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) उत्तम, अ‍ॅम्प उत्तम, स्टीरिओ चालतोय, फिटिंग भिकार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण जे इथे झालं ते दहापैकी आठ दुकानांत होतं. आणि ब्रँडांचा यात काडीचा दोष नाही.

हॅचबॅकमध्ये बसवलेलं सामान असं: 9 इंची अँड्रॉइड स्टीरिओ 13,500, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर 6,800, 400 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी ताकद) क्लास डी मोनो अ‍ॅम्प 8,200, 10 इंची सबवूफर 5,600, खोका 2,400, वायरिंग किट 1,100, मजुरी 2,500. बेरीज 40,100. यातल्या शेवटच्या दोन आकड्यांनी आधीच्या पाच आकड्यांची माती केली.

लक्षण असं की संध्याकाळी पुण्याच्या विद्यापीठ चौकात गाडी उभी, एसी चालू, हेडलाइट चालू, गाण्यात बास आला की सबवूफर दोन सेकंद गप्प. अ‍ॅम्पचा हिरवा दिवा लाल. गाडी पळायला लागली की पुन्हा सुरू. दुकानाचं निदान तयारच होतं: "अ‍ॅम्प गेला साहेब, वॉरंटीत पाठवू, महिना लागेल, नाहीतर त्याच्या वरचं मॉडेल घ्या." अ‍ॅम्प कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टेबलावर लावून बघितला तर ठणठणीत. त्यावर दुकानाचं दुसरं निदान: "मग तुमची बॅटरी डाऊन आहे."

तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर हे भांडण पाच मिनिटांत मिटतं. इंजिन चालू, गाणं नेहमीच्या मोठ्या आवाजात. बॅटरीच्या टोकांवर 13.7 व्होल्ट. अ‍ॅम्पच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर, बास येतो त्या क्षणी, 11.5. म्हणजे 2.2 व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) एसीसकट बॅटरीवरच 12.8 उरतात, त्यातून 2.2 गेले की 10.6, आणि जोरदार ठोक्याला त्याहून खाली. या अ‍ॅम्पच्या मॅन्युअलमध्ये 10 व्होल्टखाली प्रोटेक्शन, म्हणजे स्वतःहून बंद होणं, लिहिलेलं आहे. अ‍ॅम्प नेमून दिलेलं काम करत होता.

आता हे 2.2 कुठे गेले ते शोधायची पद्धत. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अ‍ॅम्पच्या प्लसवर, मीटर डीसी व्होल्टवर. फ्यूज धरून इथे 1 व्होल्ट. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर (एक लांब वायर जोडून घ्यावी लागते). इथे 1.2 व्होल्ट. पाच मीटरच्या लाल (प्लसच्या) वायरपेक्षा दीड फुटाची काळी (ग्राउंडची, म्हणजे अर्थची) वायर जास्त खात होती! नीट केलेल्या अर्थिंगला इथे 0.1 च्या आत आकडा यायला हवा.

काळ्या वायरचं दुसरं टोक डिकीत, स्टेपनीच्या खळग्याच्या कडेला, पत्र्याच्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूखाली दाबलेलं. खाली रंग तसाच. लग (वायरच्या टोकाला बसवायचं भोकाचं कडं) नाही, तारा पिळून स्क्रूभोवती गुंडाळलेल्या, वर इन्सुलेशन टेप. टेप सोडवली तर आतला डिंक वितळून काळा पडलेला. रंगावर दाबलेल्या तारेतून करंट जात नाही, तो जातो फक्त स्क्रूच्या दोन-तीन आट्यांतून. 400 वॉटसाठी क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 500 वॉट ओढावे लागतात, म्हणजे 13.8 व्होल्टला साधारण 36 अँपिअर. 36 गुणिले 1.2 म्हणजे 43 वॉट उष्णता, एका स्क्रूवर. तापकीर गल्लीत मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते. ही उष्णता सतत नसते, भर बासलाच असते, पण शेजारी कार्पेटचा फेल्ट असतो हे लक्षात ठेवा.

नीट अर्थ करायला अर्धा तास पुरतो. गाडीच्या बॉडीला वेल्ड केलेला नट किंवा जाड पत्र्यातला कारखान्याचा बोल्ट शोधायचा, सीट बेल्टचा सोडून, त्याला हात लावायचा नाही. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघायचं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि तिथून ब्रेकचा पाइपही जातो. बोल्टभोवती एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासायचा, चंदेरी पत्रा दिसेपर्यंत. रंगाखाली करडा प्रायमर असतो, तोही काढायचा. बरेच जण करड्यावरच थांबतात आणि "घासलं होतं" म्हणतात. मग तांब्याचा लग (25 स्क्वेअर एमएम, 8 एमएम भोक), हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला, दातेरी वॉशर, वर नट. घट्ट झाल्यावर उघड्या पत्र्यावर रंग किंवा ग्रीस, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो आणि सगळं मुसळ केरात. वायर जितकी आखूड तितकी चांगली, दीड फुटाच्या वर नको. हे केल्यावर तोच आकडा 0.04 व्होल्टवर आला.

लाल वायरची कथा वेगळी नाही. किटवर छापलेलं "1200 वॉट, 8 गेज" (गेज म्हणजे वायरची जाडी, आकडा लहान तितकी वायर जाड). वायर बाहेरून बोटाएवढी, सोललं तर आत बहुतेक प्लास्टिक. एक तार ब्लेडने खरवडली की वरचा तांबडा मुलामा निघून आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. या तांबं चढवलेल्या वायरला सीसीए म्हणतात, आणि तिची विद्युतवाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण 60-65 टक्के भरते. खरी 8 गेज सीसीए धरली तरी 5 मीटरला 36 अँपिअरवर सुमारे 0.6 व्होल्ट जातात. ही त्याहूनही बारीक निघाली. तांब्याच्या 4 गेजला तेवढ्याच अंतरात 0.15 जातात. सगळ्यात भयंकर फ्यूज: त्या वायरवर 100 अँपिअरचा, तोही डिकीत अ‍ॅम्पजवळ. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागतो. मधल्या चार मीटरमध्ये वायर पत्र्याला घासली तर डिकीतला फ्यूज काय बघत बसणार? आणि घासायची सोय होतीच, कारण इंजिनमधून केबिनमध्ये येताना रबरी ग्रोमेट न घालता पत्र्याच्या धारेवरून वायर ओढलेली होती.

बदललेलं सामान: 4 गेज शुद्ध तांब्याची लाल वायर 5 मीटर 1,400, काळी अर्धा मीटर 140, लग 80, एएनएल फ्यूज होल्डर आणि 60 अँपिअरचा फ्यूज 350, नालीदार पाइप 80. एकूण 2,050. यातही वाचवायचे असतील तर 25 स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल चालते, मात्र तीही अ‍ॅल्युमिनियमची मिळते, म्हणून दुकानातच सोलून बघा. नालीदार पाइपचे 80 रुपये सोडू नका. सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांना वायर फार आवडते.

आता मत बदललं ते सांगतो. पहिले तीन महिने हा सबवूफर ढबढब वाटत होता, पाचपैकी दोन दिले असते. अ‍ॅम्पला पूर्ण व्होल्टेज मिळायला लागल्यावर तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा येतो, घुमून राहत नाही. पाचपैकी साडेचार. स्टीरिओबद्दलही चूक कबूल करतो. एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून "ऊंऽऽ" असा चढणारा आवाज यायचा, तो स्टीरिओ स्वस्त असल्यामुळे येतो अशी समजूत होती. दुकानाने त्यावर 350 रुपयांचा नॉइज फिल्टर लावून दिला. हा ग्राउंड लूप. अ‍ॅम्पचा अर्थ आणि स्टीरिओचा अर्थ यांत फरक पडला की तो करंट आरसीए (गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या) वायरच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात मिसळते. अर्थ सुधारल्यावर, फिल्टर काढून टाकल्यावरसुद्धा, शिट्टी जवळपास गेली. उरलेली गेली आरसीए दुसऱ्या बाजूच्या सिलखालून (दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून) नेल्यावर. पॉवर वायर आणि आरसीए एकाच पट्टीखाली कोंबणं हा आळस आहे, दुसरं काही नाही. तो फिल्टर खालचा बासही थोडा खातो.

अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवतो; गेन हा व्हॉल्यूम नाही, हे दुकानांना कधी कळणार कोण जाणे. पोरगा बास ऐकत ऐकत नॉब फिरवतो आणि "अब बजेगा" म्हणतो. योग्य रीत: सबवूफरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा, बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, स्टीरिओचा व्हॉल्यूम कमालच्या तीन चतुर्थांश. 50 हर्ट्झचा टोन वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला. घरची वीज 50 हर्ट्झचीच असल्यामुळे या टोनला स्वस्त मीटरही खरं बोलतो. हवे ते वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. या सबवूफरच्या 4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की 2 ओहम होतात. 400 गुणिले 2, वर्गमूळ 28.3 व्होल्ट. तेवढा आकडा येईपर्यंत गेन, पुढे नाही. दुकानाने ठेवलेला गेन 37 व्होल्टवर होता, म्हणजे निव्वळ क्लिपिंग, आवाजाच्या लहरींची टोकं कापली जाणं. कॉइल जळते ती बहुतेक अशीच. लो-पास 80 हर्ट्झ (सबवूफरला त्याखालचेच स्वर), दारांच्या स्पीकरला हाय-पास 80 (त्यावरचेच स्वर). फेजचं बटण 0 आणि 180 दोन्हीवर ऐकून, जिथे ड्रायव्हर सीटवर बास जास्त भरतो तिथे ठेवा.

खोक्याबद्दल तक्रार कमी. 18 एमएमचा एमडीएफ, बंद, आतून सुमारे 21 लिटर, 10 इंचाला पुरेसा. पण तळ नुसता उघडा एमडीएफ होता, आणि पावसाळ्यात डिकीत ओल्या छत्र्या पडतात. चार महिन्यांत कोपरा फुगला. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून तुकडा कापून आणून तळ बदलला, दोन हात ऑइल पेंट मारला, खाली रबरी पाय लावले.

दारांची गोष्ट थोडक्यात. आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद असतो तो पाऊस आत येऊ नये म्हणून. स्पीकरसाठी तो फाडून तसाच सोडला होता, आणि डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर कमी करायची चिकट शीट) दाराच्या खालची पाणी जायची भोकं बुजवलेली. जूनच्या शेवटी दार उघडताना आतून डुचमळणं ऐकू येतं ते यामुळे. भोकं मोकळी करा, कागद ब्यूटिल टेपने परत चिकटवा, स्पीकरच्या मागे वरून छत्रीसारखी पट्टी लावा. नंबर प्लेटचा खडखडाट फोमच्या दोन पट्ट्यांनी जातो.

विमा नूतनीकरणाला हे सामान वेगळं जाहीर करावं लागतं, आयएमटी-24 या कलमाखाली, किमतीच्या साधारण 4 टक्के प्रीमियमला. 40 हजारांवर 1,600 रुपये, वर जीएसटी. जाहीर केलं नाही तर चोरी झाल्यावर यातलं काही मिळत नाही. आणि मूळ वायरिंग कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर (मूळ वायरिंगला न कापता जोडायचा सॉकेट) तीन-चारशेला मिळतो. इथे तेवढं मात्र दुकानाने नीट केलं होतं, हे नमूद करायला हवं.

सध्या राहिलेला दोष एकच, इग्निशन बंद करताना सबवूफरमधून बारीक "ठप्". रिमोटची (अ‍ॅम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) निळी-पांढरी वायर स्टीरिओच्या अ‍ॅम्पसाठीच्या आउटपुटऐवजी एसीसी लाइनला (किल्लीने चालू होणाऱ्या वायरला) जोडलेली आहे असं दिसतंय, डॅश उघडेपर्यंत ते तसंच राहील. मजुरीचे 2,500 परत मागितले होते, दुकानाने त्याऐवजी फुकटात सुगंधी बाटली देऊ केली. ती घेतली नाही. अर्थचा नट दिवाळीत पुन्हा एकदा पाना लावून बघायचा आहे.