रिकाम्या खोलीला माणूस मिळवून देणारी सेवा: सात महिन्यांनंतर

तीन बेडरूमचं घर घेतलं तेव्हा आम्ही पाचजण होतो. आता मी एकटी. मुलांच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि कधीच न उघडलेली खोकी. अशा वयस्करांची आणि खोली शोधणाऱ्या तरुणांची गाठ घालून देणारी ही सेवा. भाडं कमी, बदल्यात रात्री घरात कुणीतरी असतं आणि आठवड्याला चार-पाच तास मदत होते.

जुळवणी छान करतात. झोपायची वेळ, दिवा, आवाज, सगळं खोदून विचारलं. अर्ज मात्र आदिम काळातला. 'कुटुंबप्रमुखाशी नातं' या रकान्यात मी 'स्वतः' आणि माझ्याकडे राहायला आलेली मुलगी 'इतर'. अहो, हे कुटुंब नाही म्हणून तर तुमचा धंदा चालतोय! लोकसंख्या मोजणाऱ्यांना हे केव्हाच कळलंय. एका छपराखालची माणसं आणि एका चुलीवरची माणसं असे दोन हिशोब ते मांडतात. 2020 च्या जनगणनेत टोकियोतली निम्म्याहून किंचित जास्त घरं एकेकट्यांची निघाली. मुलं कमी, लग्नं उशिरा, आयुष्य लांबलेलं. शहरातली माणसं तेवढीच राहिली तरी बिऱ्हाडं वाढतात, घरं पुरत नाहीत. आणि इकडे माझ्या दोन खोल्या कुलपात होत्या.

मुलगी गुणी आहे. पहिल्या महिन्यात बाथरूममधल्या आधाराच्या दांडीवर टॉवेल वाळत घालायची. ती दांडी कशाला असते हे तिच्या गावीही नव्हतं. एकदा मी ओला टॉवेलच हातात घेऊन घसरले, नशिबाने भिंत जवळ होती. आता टॉवेल गॅलरीत.

खरी तक्रार कराराबद्दल. 'मदत' म्हणजे काय, याचा एक शब्द नाही. ती तीन दिवस तापाने पडली होती, तेव्हा उशाशी मी बसले. ते तास कुणाच्या खात्यात? खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, तेही नाही. तीनदा फोन केला, तीन वेगळी उत्तरं. फ्रान्सने 2018 मध्ये अशा राहण्यासाठी कायद्यात वेगळा करारच आणला: घर देणारा साठीच्या वरचा, राहणारा तिशीच्या आतला, सोडताना महिन्याची पूर्वसूचना. इतकं तरी छापा की!

पाचपैकी साडेतीन तारे.

काल दुसऱ्या खोलीचीही नोंदणी केली. 'नातं' विचारलंच. पुन्हा 'इतर'वर टिचकी मारली.