घरगुती सोलरच्या धंद्यात इनबाउंड मार्केटिंग: दहा महिन्यांच्या वापरानंतर

छतावर सोलर बसवून देणाऱ्या छोट्या कंपनीला इनबाउंड मार्केटिंग परवडतं का, हे पहिल्या तीन महिन्यांत कळत नाही. म्हणून हा अनुभव दहा महिने थांबून लिहिला आहे. साधनं साधीच: वेबसाइटवर मराठीत लिहिलेली १४ पानं, गूगल बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद), सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात आपली पानं कशी दिसतात ते सांगणारं साधन) आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप. जाहिरात नाही, विकत घेतलेल्या लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे नंबर, नाहीत. गिऱ्हाईक स्वतःचा प्रश्न शोधत येतं, त्याला आपल्या पानावर उत्तर मिळतं आणि मग ते संपर्क करतं.

मोठा फायदा चौकश्यांच्या आकड्यात दिसत नाही. तो दिसतो पहिल्या फोनच्या लांबीत. लीड विकत घेतली की तोच नंबर इतरांकडेही गेलेला असतो आणि पहिलं वाक्य असतं, “रेट सांगा.” पान वाचून आलेला माणूस विचारतो, “पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर येते, पॅनल कुठे घ्यायचं?” पान वाचून आलेल्याकडे पाहणीला जायचं पेट्रोल वसूल होण्याची शक्यता जास्त.

पण गाळणी नीट बसली नाही तर उलटंही होतं. ‘सोलर सबसिडी’ या शब्दांवर पान वर आलं की कृषिपंपाच्या चौकश्या यायला लागतात. ती योजना वेगळी. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मध्ये अर्ज महावितरणकडे जातो आणि सर्वसाधारण गटातला शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के हिस्सा भरतो. घरगुती छताचं अनुदान पीएम सूर्यघर योजनेतून मिळतं: १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिकला ७८,००० रुपये. हा फरक पानाच्या पहिल्या दोन ओळींतच लिहावा, तळाशी नाही. शेतकऱ्याचा वेळ वाचतो, आपलाही.

सगळ्यात जास्त काम करणारं पान म्हणजे ‘वीजबिल बघून किती किलोवॅट लागेल ते काढा’. त्यात बिलाचा फोटो आहे आणि १२ अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता यांवर गोल केलेले आहेत. खाली हिशेब: वर्षाचे ३,६०० युनिट म्हणजे महिन्याला ३००. १ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४, महिन्याला १२० युनिट धरायचे. ३०० भागिले १२० म्हणजे अडीच, म्हणून ३ किलोवॅट. जागा साधारण ३०० चौरस फूट, तीही सावली नसलेली. हे आकडे उघड दिले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती बऱ्याच दुकानदारांना असते. प्रत्यक्षात ५ किलोवॅट हवं म्हणणारा ३ वर येतो आणि अनुदान ३ च्या पुढे वाढत नाही हेही त्याला आधीच कळलेलं असतं. कोटेशन तिसऱ्यांदा बदलावं लागत नाही.

पानाच्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्यायची ती आधी भरलेल्या मजकुरासह आणि प्रत्येक पानाला वेगळी. या पानाचा मजकूर असा: “बिलाचं पान वाचलं. गाव: ___ महिन्याचे युनिट: ___ छत स्वतःचं / सोसायटीचं.” गिऱ्हाईक रिकाम्या जागा भरून पाठवतं. कोणत्या पानामुळे मेसेज आला हे कळायचा याहून स्वस्त उपाय नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरल्यावर पुढे काय झालं ते वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्सला दिसत नाही. मग लेबलं लावायची: बिल आलं, पाहणी, कोटेशन, पोर्टलवर अर्ज, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर). अ‍ॅपमध्ये २० लेबलं मिळतात, सहा-सात पुरतात. ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज अनेकांना पाठवण्यावर, फार विसंबू नका. एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो.

आता अडचणी.

वेळ हा खरा खर्च. एक चांगलं पान म्हणजे सहा ते आठ तास, त्यात छतावर काम करणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलणं आलंच. ते वगळून बाहेरच्या लेखकाकडून ‘सौर ऊर्जेचे दहा फायदे’ लिहून घेतलं तर सर्च कन्सोलमध्ये ‘क्रॉल झालं, सध्या इंडेक्स नाही’ असा शेरा (गूगलने पान वाचलं, पण शोधात घेतलं नाही) दिसण्याची शक्यता मोठी, कारण तोच मजकूर शेकडो ठिकाणी पडलेला आहे. भाषाही बघा. लोक ‘सौर ऊर्जा अनुदान’ कमी, ‘सोलर सबसिडी’ जास्त शोधतात, तेही रोमन लिपीत. शीर्षकात ‘सोलर’ ठेवा, मजकुरात दोन्ही शब्द येऊ द्या.

दुसरी अडचण पानं शिळी होण्याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरगुती कंत्राटात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. म्हणजे एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्के झाला. किमतीचा उल्लेख असलेलं प्रत्येक पान त्या दिवशी चुकीचं ठरलं. जुनी किंमत वाचून आलेला माणूस नवं कोटेशन बघून खूश होतो असं नाही, त्याला आधीचा आकडा खोटा वाटतो. म्हणून किंमत एकाच पानावर ठेवा, बाकी पानांवरून तिथे लिंक द्या आणि वर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख टाका. पीएम सूर्यघरची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे, त्यामुळे ती संपताना पुन्हा सगळं तपासावं लागणार हे धरूनच चालावं.

तिसरी: साध्या प्रश्नांची उत्तरं आता गूगल स्वतःच वर देतं. ‘३ किलोवॅटला सबसिडी किती’ अशा पानाचे इम्प्रेशन्स (शोधात दिसण्याचा आकडा) वाढतात आणि क्लिक आहेत तेवढेच राहतात. आकडा सांगणाऱ्या पानापेक्षा कारण किंवा कृती सांगणारं पान जास्त टिकतं, हे आमचं मत. उदाहरणार्थ देशी सेलचं डीसीआर पॅनल महाग का आणि अनुदानासाठी तेच का लागतं, किंवा सोसायटीच्या सामायिक गच्चीसाठी संमती कशी घ्यायची.

गूगल प्रोफाइलबद्दल थोडक्यात. धंद्याच्या नावात ‘बेस्ट सोलर’ वगैरे घुसडू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. गिऱ्हाईक ऑफिसात येत नसेल तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र भरा, २० पर्यंत भागांची नावं टाकता येतात. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं नियमात बसत नाही. नेट मीटर बसलं त्या दिवशी मागितलेला रिव्ह्यू आपोआप चांगला येतो. प्रोफाइलवरची चॅट सोय जुलै २०२४ मध्ये गूगलने बंद केली, तेव्हा संवादाचा धागा आपल्या नंबरवरच असू द्या.

अ‍ॅनालिटिक्स ४ चालू केल्या दिवशी एक सेटिंग बदला: तपशीलवार डेटा मूळ सेटिंगप्रमाणे २ महिनेच राहतो, तो १४ करता येतो. सोलरमध्ये पहिली भेट ते अ‍ॅडव्हान्स यांत महिने जातात, आणि सेटिंग नंतर बदलून मागचा डेटा परत मिळत नाही.

आणि उत्तर द्यायला माणूस हवा. रात्री दहाला भरलेला मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहिला तर आठ तासांचं पान वाया. एकट्याने पाहणी, बसवणी आणि फोन सांभाळणाऱ्याने १४ नाही, ४ पानं करावीत.

पुढचं पान जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनवरून ठरलंय: नेट मीटरनंतरचं पहिलं बिल. आयात युनिट कुठे, निर्यात कुठे, आणि युनिट शून्य होऊनही स्थिर आकार का भरावा लागतो.