हॅटरसच्या बोटीवर ८x४२ दुर्बीण, चार ट्रिपनंतर

समुद्रातले पक्षी बघायला घेतलेल्या नव्या ८x४२ दुर्बिणीबद्दल (८ पट मोठं दाखवते, पुढची काच ४२ मिमीची) मे ते सप्टेंबर चार ट्रिप झाल्या, म्हणून आता लिहितेय. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, समुद्रकाठचं हॅटरस तिथून पाचेक तास, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्काम आणि पहाटे अंधारात बोट. तिथून दोनेक तासांत समुद्राचा तळ एकदम खोल जातो आणि गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं कोमट, गडद निळं पाणी लागतं, म्हणून खोल समुद्रातले पक्षी बघून संध्याकाळपर्यंत परत येता येतं.

पहिल्या वेळी जुनी १०x४२ नेली होती. जंगलात ती छानच आहे, पण बोटीवर लाट, इंजिनची थरथर, हाताचं हलणं सगळंच मोठं होऊन दिसतं आणि पक्षी सापडेपर्यंत तो लाटेमागे गेलेला असतो. गाईड ओरडतो "दोन वाजता, ब्लॅक-कॅप्ड!" (बोटीचं नाक म्हणजे बारा) आणि आपल्याकडे असतात जेमतेम पाच-सहा सेकंद. नवीन ८x मध्ये १००० मीटरवर साधारण १४० मीटरचा पट्टा दिसतो, जुनीत ११० च्या आसपास, आणि एवढ्याशा फरकाने सगळं बदललं.

जूनमध्ये ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल पहिल्यांदा नीट बघितला. वाऱ्यावर कमान घेत लाटांच्या खूप वर जातो, मानेभोवती पांढरी पट्टी, शेपटीच्या बुडाशी पांढरं, आणि पंख न हलवता परत खाली. हा हिस्पॅनिओला बेटावरच्या डोंगरांत बिळात घरटं करतो, तिथे रात्रीच्या आवाजामुळे त्याला दियाब्लोतिन, छोटा सैतान म्हणतात. अमेरिकेने २०२३ च्या शेवटी त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. तो दुर्बिणीत पूर्ण मावला तेव्हा माझे डोळे भरून आले, खरंच.

विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेलला मात्र दुर्बीण लागतच नाही. मासळीचं तेल टाकलं की वासावर येतात आणि बोटीमागे पाण्यावर पाय आपटत नाचतात. अंटार्क्टिकाकडून आलेला चिमणीपेक्षा थोडाच मोठा जीव! हाच पक्षी आपल्या कोकणासमोरच्या खोल समुद्रातही दिसतो, पण माहेर रत्नागिरीचं असून मी तिथे कधी एवढी आत गेलेच नाही.

आता तक्रारी. मान दुखते, सोबत आलेला पट्टा काढून हार्नेस (खांद्यांवर भार घेणारे पट्टे) लावा. पुढच्या काचेचं रबरी झाकण सैल होतं, ऑगस्टमध्ये एक समुद्रात पडलं, फार वाईट वाटलं, कारण हेच पक्षी तरंगतं प्लास्टिक गिळतात. उरलेली झाकणं आता घरीच असतात. मिठाचे शिंतोडे कधीही कोरडे पुसू नका, जुनीच्या काचेवर मी तसेच ओरखडे पाडलेत, आधी गोड्या पाण्याने धुवा, वॉटरप्रूफ असेल तर काही होत नाही. आणि बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही.

फेब्रुवारीत तिथूनच थंडीतल्या ट्रिप निघतात. जमलं तर ग्लोव्ह्ज घालून फोकसचं चाक कसं फिरतं ते तेव्हा लिहीन.