बॅड न्यूज गेम : अफवा बनवायला शिकले, पण मामाला ती का पटते हे गेममध्ये नव्हतं

आधी हा गेम मी का शोधला ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. माझा मामा आयुष्यभर मशीनं दुरुस्त करत आला, कुठलीही वस्तू स्वतः खोलून बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसायचा नाही. मामी कॅन्सरने गेली, निदान झाल्यापासून पाच महिन्यांत, आणि त्यानंतर वर्षभरात मामाला पक्कं पटलं की कॅन्सरवर इलाज केव्हाच सापडलाय आणि औषध कंपन्यांनी तो दाबून ठेवलाय. रोज फॅमिली ग्रुपवर एक तरी व्हिडिओ. मी सुरुवातीला हिरिरीने लिंका टाकून वाद घातले, मग एकदा सगळ्यांसमोर "मामा तुला कळत कसं नाही" असं लिहिलं, आणि त्यानंतर दोन महिने आम्ही बोललोच नाही. त्या दोन महिन्यांत मी वाचत सुटले की हुशार माणसं असल्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात, आणि वाचता वाचता हा गेम सापडला.

बॅड न्यूज हा ब्राउझरमध्ये खेळायचा फुकट गेम आहे, २०१८ साली आला, केंब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्राचे संशोधक आणि एक डच संस्था यांनी मिळून बनवलाय. डाउनलोड काही करावं लागत नाही, साधारण पंधरा मिनिटांत संपतो. यात आपण खोट्या बातम्या ओळखत नाही, आपणच त्या पसरवतो. एका बाजूला फॉलोअर्सचा आकडा, दुसऱ्या बाजूला विश्वासार्हतेचा मीटर, आणि समोर एकेक पर्याय येत जातो की आता काय पोस्ट करणार. फॉलोअर्स वाढवायचे पण मीटर शून्यावर येऊ द्यायचा नाही, तो शून्यावर आला की खेळ खलास. वाटेत सहा बॅज मिळतात : दुसऱ्याचं नाव लावून बोलणं, भावना भडकवणं, लोकांमध्ये दोन तट पाडणं, कॉन्स्पिरसी (म्हणजे यामागे कोणाचा तरी छुपा कट आहे असं सुचवणं), चूक दाखवणाऱ्यालाच बदनाम करणं आणि ट्रोलिंग.

यामागचा विचार लसीसारखा आहे. १९६० च्या दशकात विल्यम मॅकग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की जसा शरीराला कमजोर केलेला विषाणू टोचतात तसा मनाला फसव्या युक्तिवादाचा छोटा डोस आधीच दिला तर पुढे खरा हल्ला आल्यावर मन तयार असतं. गेमवाल्यांनी तेच केलंय, फक्त एकेक अफवा घेऊन ती खोडत बसण्याऐवजी अफवा बनवायच्या युक्त्याच दाखवल्यात. आणि हे मला फार पटलं, कारण अफवा रोज नवी येते, युक्त्या मात्र मोजक्याच असतात आणि त्याच त्याच फिरून येतात.

खेळताना सगळ्यात हादरले ते कॉन्स्पिरसीच्या बॅजला. मला वाटलेलं जितकं अचाट लिहू तितके फॉलोअर्स मिळतील. तसं होत नाही. फारच अतर्क्य काही टाकलं की आपलेच लोक दूर जातात आणि मीटर घसरतो. चालतं ते काय, तर एखाद्या खऱ्या मोठ्या संस्थेबद्दल नुसता संशय, थोडं खरं, थोडं अर्धवट, आणि शेवटी प्रश्नचिन्ह, "आम्ही फक्त विचारतोय" असं. हे वाचलं आणि मामाचे सगळे व्हिडिओ डोळ्यासमोर आले, एकाही व्हिडिओत थेट दावा नव्हता, सगळ्यात प्रश्नच प्रश्न होते.

नंतरचा बदनामीचा बॅज पण तितकाच जबरदस्त आहे. कोणीतरी फॅक्ट-चेक करणारा आपली चूक पकडतो, आता काय करणार? माफी मागितली तर फायदा नाही, त्याच्यावरच उलटून आरोप करायचे, याला कोणी पैसे दिले असं विचारायचं. मी ते बटण दाबलं आणि फॉलोअर्स वाढले. खोटं सांगत नाही, पोटात कसंतरी झालं, कारण मीच ग्रुपवर लिंका टाकत होते तेव्हा मामाने मला हेच विचारलं होतं की या डॉक्टरांना पैसे कोण देतं, आणि मला वाटलं होतं हा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे.

म्हणजे गेम ज्या कामासाठी बनवलाय ते काम चोख करतो. २०१९ साली गेम बनवणाऱ्यांनी जो अभ्यास छापला त्यात जवळपास १५ हजार लोक होते आणि खेळल्यानंतर लोक फसव्या मथळ्यांवर कमी विश्वास ठेवत होते. पण २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी या प्रकारच्या गेम्सचा जुना डेटा पुन्हा तपासला आणि म्हणाले की लोक खरं-खोटं जास्त चांगलं ओळखायला लागतात असं दिसत नाही, ते सगळ्याकडेच जरा जास्त संशयाने बघायला लागतात. माझ्यासाठी हा आक्षेप मोठा आहे. कारण मामाचा प्रॉब्लेम संशय कमी असण्याचा कधी नव्हताच! त्याच्याकडे संशय भरपूर आहे, तो फक्त एकाच दिशेला लागलाय. शिवाय लसीसारखंच याचाही असर हळूहळू ओसरतो, मध्येमध्ये उजळणी लागते, आणि गेम तुम्हाला परत बोलवत नाही.

आता माझी मुख्य तक्रार. गेममध्ये फॉलोअर्स म्हणजे फक्त आकडा आहे. बटण दाबलं की तो वाढतो. पण त्या आकड्यातला एकेक माणूस माझ्या मामासारखा असतो, त्याला ते का हवं होतं, तो त्या दिवशी कुठल्या अवस्थेत होता, याबद्दल गेम चकार शब्द काढत नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे असं मला वाटतं.

२००८ साली व्हिटसन आणि गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी प्रयोग केला होता, ज्या लोकांना आपल्या हातात काही नाही असं वाटायला लावलं त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही चित्रं दिसायला लागली आणि साध्या घटनांमागे कट दिसायला लागले. हे वाचलं तेव्हा मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हातात फाईल घेऊन उभा असलेला मामा आठवला. ज्या माणसाने कधी बिघडलेली वस्तू तशीच सोडली नाही त्याला पाच महिने कोणी सांगू शकलं नाही की हे का झालं, मामीच का. "असं होतं कधीकधी" हे उत्तर त्याने कसं पचवायचं? त्यापेक्षा "कोणीतरी हे मुद्दाम केलं" हे ऐकायला भयंकर असलं तरी त्यात कारण आहे, दोषी आहे, आणि राग काढायला जागा आहे. एवढ्या मोठ्या दुःखाला तेवढंच मोठं कारण हवं, ही मनाची मागणी आहे, आणि ती मूर्खपणाची नाही.

मग इंटरनेटने काय केलं? अमेरिकेतले जुने-नवे सर्व्हे ताडून बघणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात असल्या कटाच्या थिअरींवर विश्वास ठेवणाऱ्यांचं प्रमाण एकंदरीत वाढल्याचा पुरावा सापडला नाही. मला आधी हे खरंच वाटेना. पण विचार केला तर संशय तर पूर्वीही होता, फक्त आधी असा माणूस एकटा असायचा. मामाला तीन दिवसांत त्याच्यासारखी हजारो माणसं मिळाली, त्यातल्या कितीतरी जणांचं कोणीतरी कॅन्सरने गेलेलं, आणि त्यांनी त्याला आमच्यापेक्षा जास्त वेळ दिला. मी हे लिहिताना पण मला लाज वाटते, पण खरंय. आम्ही तेराव्या दिवसानंतर आपापल्या कामाला लागलो आणि ते लोक रात्री दोन वाजता सुद्धा त्याला उत्तर देत होते.

त्यात भर वेगाची. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी तपासून एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त असते, आणि याला बॉट्स (म्हणजे आपोआप पोस्ट करणारी खाती) नाही, आपण माणसंच कारणीभूत, कारण खोटं नवीन वाटतं. आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे तर १९७७ पासून माहितीय, इंटरनेटच्या कितीतरी आधी. मामा एकच संशय दिवसातून पाच वेळा पाच वेगवेगळ्या चेहऱ्यांकडून ऐकत होता.

हे सगळं डोक्यात ठेवून मी मामाला फोन केला. आधी माफी मागितली, ग्रुपवर जे बोलले त्याची. मग पुढच्या रविवारी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, मामा एक गेम आहे, तू खेळून बघ. इंग्रजी आहे, मी शेजारी बसून वाचून दाखवलं. पहिले तीन बॅज त्याने मजेत मिळवले, मशीन कसं चालतं ते कळल्यावर त्याचा चेहरा जसा होतो तसाच होता. कॉन्स्पिरसीच्या बॅजला गप्प झाला. आणि बदनामीच्या बॅजला त्याने फोन बाजूला ठेवला, म्हणाला, "म्हणजे मी वेडा आहे असं तुला सांगायचंय का?"

इथे गेम हरतो. जो अजून आत शिरलेला नाही त्याच्यासाठी हा खेळ आहे. जो आत आहे, तेही दुःखातून आत गेलाय, त्याला हा टोमणा वाटतो.

मग आम्ही बोललो. मामा म्हणाला कंपन्या खोटं बोलतच नाहीत का? बोलतात. सिगारेट कंपन्यांनी कितीतरी वर्षं लोकांपासून खरं लपवलं. अमेरिकेत टस्कीगीला सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय माणसांना सिफिलिसचा इलाज न देता ४० वर्षं नुसतं बघत ठेवलं, १९३२ ते १९७२. मी हे सगळं मान्य केलं आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. मग म्हटलं, पण टस्कीगी बाहेर आलं ते एका आतल्या माणसाने पत्रकारांना सांगितल्यामुळे, आता बघ, डेव्हिड ग्राइम्स नावाच्या शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये गणित मांडलं होतं की कॅन्सरचा इलाज लपवायचा तर मोठ्या कंपन्यांतल्या ७ लाखांवर लोकांना तोंड बंद ठेवावं लागेल आणि असं गुपित साधारण सव्वातीन वर्षांत फुटेल, आणि त्या ७ लाखांच्या घरी पण कॅन्सर होतोच ना मामा. शिवाय कॅन्सर हा एक रोग नाहीये, शंभराहून जास्त प्रकार आहेत, एकच किल्ली कुठून लागणार? किल्लीचं त्याला पटलं असावं, यंत्रातल्या माणसाला ते समजतं. ७ लाखांचं पटलं नाही, म्हणाला मोजलेत का तू.

असं आत अडकलेल्या माणसाशी बोलायला दुसरी एक सेवा पण आहे, डीबंकबॉट नावाची, तिचा पूर्ण रिव्ह्यू नाही देत कारण मामाबरोबर अजून वापरली नाहीये. तिथे आपण काय मानतो आणि का मानतो ते लिहायचं, किती टक्के खात्री आहे ते सांगायचं, मग एआय नेमक्या त्याच कारणांना धरून बोलतो. २०२४ मध्ये सायन्स मासिकात आलेल्या अभ्यासात २,१९० लोक होते आणि त्यांचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला, दोन महिन्यांनी बघितलं तरी उतरलेलाच. मी एकटीने करून बघितलं, मामाची बाजू घेऊन. बॉट एकदाही चिडला नाही, टोमणा मारला नाही, आणि मी दिलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं. हे मला ग्रुपवर जमलं नव्हतं. पण त्याला मामी माहीत नव्हती, आणि मामाला कोणाशी तरी मामीबद्दलच बोलायचं असतं असं मला आता वाटतं.

तर बॅड न्यूजला माझ्याकडून पाचपैकी चार, शाळा-कॉलेजातली मुलं आणि नव्याने स्मार्टफोन हातात आलेली मोठी माणसं यांच्यासाठी. लहान मुलांसाठी वेगळी सौम्य आवृत्तीसुद्धा आहे. आणि घरातलं कोणी आधीच आत अडकलं असेल तर पाचपैकी दोनच, आणि तेही तुम्ही खेळा, त्यांना खेळायला लावू नका, मी केलेली चूक करू नका. एकट्याने खेळलात तर समोरून येणारी पोस्ट कुठल्या साच्यातली आहे ते कळतं आणि मग आपण त्या पोस्टवर चिडण्यात वेळ घालवत नाही.

मामा व्हिडिओ अजून पाठवतो. मात्र गेल्या आठवड्यातले दोन ग्रुपवर नव्हते, मला एकटीला आले होते, आणि दुसऱ्याच्या खाली लिहिलं होतं, "हे बघून सांग, आणि रविवारी ये."