गोळी नव्हे, जेल: रजोनिवृत्तीतील हार्मोन आणि गुठळीची धास्ती, दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागील वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी एस्ट्राडायोलचे, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे, जेल लावायला सुरुवात केली आणि नुकतेच आमच्याकडे श्रावणातल्या कानबाईचे (आमच्या खानदेशातल्या देवीचे) विसर्जन झाले, म्हणजे वापराला दहा महिने होत आले. माझे वय 49, राहणे अमळनेरला, नोकरी शाळेत. पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबली. आपल्याकडच्या बायकांची ती साधारण सेहेचाळिशीच्या आसपास जाते, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हते. विशेष होत्या त्या अंगातून निघणाऱ्या वाफा. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना छातीपासून मानेपर्यंत आगीचा लोळ चढावा, ब्लाउज पाठीला चिकटावा आणि दोन मिनिटांत सगळे ओसरून थंडी वाजावी, असे दिवसातून आठ-दहा वेळा होत असे. मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ऊन कोणते आणि वाफ कोणती हेच कळत नाही. थंडीत पहाटे पंखा लावून बसायची वेळ आली, तेव्हा मात्र शंका उरली नाही. सासूबाईंचे म्हणणे एकच, “पाळी गयी ते गयी, आते औसद कसाले?” त्यांचे चुकत होते असे नाही, कारण वाफा अनेकींच्या आपोआप कमी होतात, पण रात्री सहा-सात वेळा उठून सकाळी नऊला वर्गावर उभे राहणे मला जमत नव्हते.

औषध घ्यावे की नाही, यावर मी वर्षभर घुटमळले, त्याचे कारण आई. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर तिच्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. त्या काळी बाळंतिणीने सव्वा महिना बाजेवरून उतरायचे नाही, खालून शेक आणि वरून गोधडी, असा दंडक होता. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात आणि त्यातच पडून राहणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, हे मला आत्ता कळते. तिचा पाय पुढे जन्मभर संध्याकाळी सुजत राहिला. त्यामुळे ‘हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त गोठते’ हे वाक्य माझ्या कानावर पडले, तेव्हा ते माझ्यापुरते नुसते वाक्य नव्हते.

जळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे मी आईची ही हकीकत आधी सांगितली आणि वाफांचे नंतर. त्यांनी वही पुढे ओढून आकडेच मांडले. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील 16,608 बायकांचा एक गट 2002 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला, आणि आजही लोकांच्या मनात जी भीती आहे ती मुख्यतः तिथून आलेली आहे. त्या गटात औषधाच्या गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला 34 जणींना गुठळी झाली, तर नुसती दिसायला सारखी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 16 जणींना. म्हणजे धोका दुपटीहून जास्त झाला, हे खरे. आणि 10,000 मध्ये 18 जणी वाढल्या, हेही तितकेच खरे. शिवाय त्या बायकांचे सरासरी वय 63 होते आणि त्यांना दिलेली गोळी गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची होती, जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन. माझे वय, माझे औषध आणि औषधाची वाट ही तिन्ही त्यांच्याहून वेगळी असणार होती.

या ‘वाटे’वरच माझा सगळा निर्णय ठरला, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यात शोषली जाते आणि तिथले रक्त शरीरभर फिरण्यापूर्वी आधी यकृतातून जाते. यकृत म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा कारखाना. तिथे इस्ट्रोजेनचा मोठा लोंढा एकदम पोचला की गोठवणारे घटक वाढतात आणि गोठणे आवरणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस यांसारखी प्रथिने कमी होतात. जेल दंडावर लावले की औषध त्वचेतून थेट रक्तात जाते, यकृताला त्याचा असा दणका बसत नाही. हा केवळ तर्क नाही. फ्रान्समधील ‘एस्थर’ या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत गुठळीचा धोका सुमारे चौपट आढळला, त्वचेतून घेणाऱ्यांत मात्र काहीच न घेणाऱ्यांइतका. आणि 2019 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ब्रिटनमधील गुठळी झालेल्या 80,000 हून अधिक बायकांच्या नोंदींचा जो अभ्यास छापला, त्यातही चित्र तेच निघाले, फक्त गोळीची वाढ तिथे दीडपटीच्या आसपास होती. बाईंनी एक गोष्ट लपवली नाही. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणावरचे आहेत, चिठ्ठ्या टाकून गोळी विरुद्ध जेल अशी मोठी चाचणी झालेली नाही. तरीही आईचा इतिहास पाहता गोळीचा विषय त्यांनी पहिल्याच भेटीत मिटवला. स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न वेगळा आहे आणि औषध त्वचेतून घेतल्याने तो सुटत नाही, हेही त्यांनीच सांगितले आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाल्याशिवाय चिठ्ठी लिहिली नाही.

आता प्रत्यक्ष वापर. ट्यूब 80 ग्रॅमची, जेल 0.06 टक्के, सोबत प्लास्टिकची मापपट्टी. पूर्ण माप म्हणजे अडीच ग्रॅम जेल, त्यात दीड मिलिग्रॅम औषध. मी पहिले दोन महिने अर्धे माप लावले, नंतर पूर्ण. पूर्ण मापाने ट्यूब जेमतेम महिनाभर पुरते. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून दंडाच्या बाहेरच्या बाजूने खांद्यापर्यंत पातळ पसरायचे, चोळत बसायचे नाही, स्तनांवर कधीही लावायचे नाही, हात साबणाने धुवायचे आणि तासभर तिथे पाणी लागू द्यायचे नाही. जेल सॅनिटायझरसारखे गार लागते, कारण त्यात अल्कोहोल असते, आणि याचा अर्थ मला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी उमगला. खापरावरच्या पुरणपोळ्या करायला मी घाईत चुलीपुढे बसले, दंड अजून ओलसरच होता, आणि नणंदेने “हा स्पिरिटचा वास कसला?” असे विचारल्यावर मी पटकन मागे सरकले. वाळेपर्यंत जाळाजवळ जायचे नाही, ही सूचना कागदावर होती. मी ती वाचलीही होती. पुतण्याचे तान्हे कडेवर घ्यायचे तर त्या दंडावर बाहीचे कापड हवे, कारण औषध दुसऱ्याच्या त्वचेलाही लागू शकते.

गर्भपिशवी शाबूत असल्यामुळे नुसते इस्ट्रोजेन मला चालत नाही, तिचे अस्तर वाढत जाते. म्हणून रात्री झोपताना मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल आहे. गुठळीच्या दृष्टीने हे प्रोजेस्टेरॉन बऱ्याच कृत्रिम प्रकारांपेक्षा सौम्य आढळलेले आहे. कॅप्सूलने गुंगी येते, पण झोप गाढ लागते, त्यामुळे तक्रार करणार नाही. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते. ज्या मुलखात भाजी शेंगदाण्याच्या कुटाशिवाय होत नाही, तिथे हे वाचून हसू आले, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या बाईने खोका वाचलाच पाहिजे.

गुण तिसऱ्या आठवड्यात दिसू लागला आणि तिसऱ्या महिन्यात पुरता बसला. रात्रीचे उठणे आता फार तर एकदा. पहिल्या तीन महिन्यांत स्तन दुखरे झाले आणि दोनदा डाग गेले; सोनोग्राफीत अस्तर पातळ होते आणि नंतर डाग थांबले. वजन होते तेवढेच आहे. गुडघे पूर्वी दुखत होते, आजही दुखतात.

माझी खरी तक्रार आहे ती मिळण्याबद्दल. जानेवारीत ट्यूब संपली आणि एका औषध दुकानदाराने “ताई, जेल येत नाही, ही घ्या, कंटेंट तोच आहे” म्हणून गोळ्यांची पट्टी पुढे केली. घरी चष्मा लावून पाहिले तर कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन, 0.625 मिलिग्रॅम: 2002 च्या त्या चाचणीतले औषध, त्याच मात्रेत. कंटेंट तोच नव्हता आणि वाट तर नव्हतीच. बाईंना फोन केल्यावर त्यांनी सांगितले, चार दिवस औषधाविना गेले तरी चालतील, गोळी घ्यायची नाही. पट्टी परत केली, तेव्हा दुकानदाराला राग आला. तेव्हापासून ट्यूब अर्धी झाली की मी दुसरी जळगावहून मागवते आणि माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवते, कारण घरात उन्हाळ्यात तेवढीच जागा गार असते.

मे महिन्यात पुण्याला मुलाकडे गेले, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, नऊ तास एकाच जागी. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्याने गुठळीची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, हे ठाऊक असूनही मी पाय आखडून झोपले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी ताठ आणि दुखरी. आईचाही डावाच पाय होता. जवळच्या एका दवाखान्यात हात न लावताच “नस दबली असेल, तेल लावून चोळा” असे सांगण्यात आले. गुठळीची शंका असताना पोटरी चोळायची नसते, एवढे मला माहीत होते. शिवणाचा टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्या अंतरावर मोजल्या: डावी 37 सेंटिमीटर, उजवी साडेपस्तीस. बाई फोनवर म्हणाल्या की फरक 3 सेंटिमीटरच्या वर असता तर शंका अधिक बळावली असती, पण घरचा इतिहास आणि प्रवास पाहता आजच डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करा. आणि दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर डॉपलरचीही वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात जा. सुरत–भुसावळ मार्गाची दुपारची गाडी धरून जळगाव गाठले. गाडीत बसायला जागा होती, मी मात्र दाराशी उभी राहून टाचा वर-खाली करत होते. डॉपलर करणाऱ्याने मांडीपासून खाली शीर दाबत दाबत पाहिली; निरोगी शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली होत नाही, आणि पडद्यावर माझी प्रत्येक शीर डोळ्यासारखी मिटताना मी स्वतः पाहिली. निघाली ती गुडघ्यामागची पाण्याची पिशवी, झिजलेल्या सांध्याची देणगी. जेल चालू राहिले.

यंदा कानबाईच्या आधी स्टाफरूममध्ये दोघींनी मला विचारले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणि माझे जेल एकच का. एक नाही. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या असतात, सहसा 5 मिलिग्रॅमची दिवसातून तीनदा, आणि त्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात एथिनाइल एस्ट्राडायोलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये. माझ्या जेलला दचकणाऱ्या बायका कानबाईच्या रोटाच्या (प्रसादाच्या) दिवशी पाळी येऊ नये म्हणून ती गोळी चिठ्ठीशिवाय, वहिनीच्या सांगण्यावरून घेतात, याचे मला नवल वाटते. दोघींपैकी एकीला पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास आहे आणि तिचे वजनही बरेच आहे. तिला मी दुकानात न जाता आधी डॉक्टरांकडे जायला सांगितले. ती गेली की नाही, हे मी विचारलेले नाही.

माझी पुढची तपासणी दिवाळीच्या सुटीत आहे: रक्तदाब, मॅमोग्राफी, आणि माप पुन्हा अर्ध्यावर आणता येईल का याचा विचार. पुण्याचे परतीचे तिकीट या वेळी रेल्वेचे काढले आहे, बाकाच्या कडेची जागा मागून.